मशीन खिडकीशी नव्हतं

४ मार्च

माननीय कलावंत महोदय,

आपल्या मांडणशिल्पाच्या पेट्या काल आमच्या संग्रहालयात सुखरूप पोहोचल्या. तात्पुरत्या प्रदर्शनांच्या मोठ्या दालनात जोडणीचं काम सुरू झालं आहे. या दालनात येणाऱ्यांना कलाकृती समजावून सांगणं हे माझं काम असल्यामुळे, आपल्या कार्यालयाने पाठवलेला मजकूर मला देण्यात आला आहे. तो मी वाचला. त्यात एक चूक आहे. शिलाईचं मशीन खिडकीशी नव्हतं.

जाऊ दे. हे सोंग मला जमणार नाही. धाकट्या, मी ताई आहे.

माझं लग्नानंतरचं आडनाव वाचून तुझ्या सहायिकेला काही कळलं नसणार. मी तुझी बहीण, हे इथेही कुणाला ठाऊक नाही आणि मी सांगितलेलं नाही. ई-मेल केली की तीच मुलगी ‘आपला संदेश मिळाला’ म्हणून कळवते. फोन तू उचलत नाहीस. म्हणून हाताने लिहिते आहे. पाकिटावरचं अक्षर तरी ओळखशील. शाळेत तुझे निबंध याच अक्षरात जायचे आणि बक्षिसं तू घ्यायचास.

काल पेट्या उघडल्या तेव्हा मी तिथे उभी होते. आधी दार निघालं, मग उंबरा, मग खिडकी. तिची कडी अजून तुटकीच आहे. शेवटी मशीन. पांढरे हातमोजे घातलेल्या चार माणसांनी आपल्या आईचं मशीन नवजात बाळासारखं उचललं. जन्मात त्याला एवढा मान मिळाला नव्हता रे. आपण त्याच्यावर ओले पंचे वाळत घालायचो. आपलं ते जुनं घर सोडलं तेव्हा तू ट्रक पाठवलास, स्वतः आला नाहीस. मला वाटलं होतं, हे सगळं भंगारात गेलं. तू जपून ठेवलंस, हे पाहून क्षणभर तुझ्याबद्दलचा सगळा राग उतरला. क्षणभरच. कारण मग त्यांनी तुझा नकाशा उघडला आणि मशीन नेऊन खिडकीखाली ठेवलं.

भिंतीवर तुझे शब्द मोठ्या अक्षरांत चिकटवले आहेत: ‘आई खिडकीच्या उजेडात शिवत बसायची. माझ्या चित्रांतला सगळा उजेड तिथून आला.’

अरे, कुठल्या खिडकीत? खिडकी तुझी होती! तुझं टेबल होतं तिथे, तुझे रंग, तुझे कागद. आई बसायची दाराच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे भर दुपारी सुईत दोरा ओवायला माझे डोळे लागायचे. दुपारी दिवा लावायचा नाही, हा नियमही तिचाच. शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी तिने त्या अंधारात शिवल्या. आज तिच्या डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. माणसं दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आजार वयाचा आहे. म्हणू देत.

माझी जागा त्या खोलीत कुठेच दिसली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी फक्त मशीनबद्दल लिहिते आहे. उद्घाटनाला अजून आठवडा आहे. एक ओळ लिहून पाठव, मशीन कोपऱ्यात जाईल.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. बरं.

उद्घाटन झालं. मंत्री आले, रिबीन कापली आणि आपल्या उंबऱ्याला अडखळले. तेवढाच त्या संध्याकाळचा खरा क्षण. तू व्हिडिओवरून बोललास. पाठीमागे मोठी खिडकी होती. चेहरा बाबांसारखा होत चालला आहे तुझा.

हे दालन आधी कशाचं होतं ठाऊक आहे? जुन्या हातमागांचं आणि वस्त्रांचं. कायमचं दालन! चार पिढ्यांच्या विणकरांचं काम तळघरात कोंबलं, कारण ‘कायमचं’ बघायला लोक दुसऱ्यांदा येत नाहीत म्हणे. गेल्या वर्षी तिथे एका बाईने बर्फाच्या भिंती उभारल्या आणि त्या वितळू दिल्या. पाणी कुठे गेलं असेल? तळघरात. विणकरांच्या अंगावर. त्याबद्दल मी बैठकीत पाऊण तास बोलले, संचालकसाहेब थर्मासमधलं गरम पाणी पीत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार छान बोलता.” माझ्या आयुष्याचं सार या एका वाक्यात आहे. मी फार छान बोलते आणि मग काही होत नाही.

तरी सुरुवातीला मी तुझा मजकूर जसाच्या तसा बोलले. इथली रीतच तशी आहे. कलावंताने मंजूर केलेलं तेवढंच बोलायचं, अधिक-उणं नाही. खोटं बोलताना शब्द अडकायला हवे होते. अडकले नाहीत. लोकांनी माना डोलावल्या. एका गृहस्थांनी डोळे टिपले. मी घरी जाऊन आईला भात भरवला आणि तिच्याकडे न बघता भांडी घासली.

मग चार दिवसांपूर्वी एक चष्मेवाली मुलगी आली, शिवणाच्या वर्गातली असावी. खोलीत वाकून पाहत म्हणाली, “मॅडम, एक विचारू? खिडकीखाली मशीन असेल तर उजेड शिवणाऱ्याच्या तोंडावर येतो. समोरून. डोळे दिपतात. उजेड डाव्या खांद्यावरून यायला हवा ना? त्या बाईंना हे कळत नव्हतं?”

‘त्या बाईंना कळत नव्हतं.’ हे मी ऐकून घ्यायचं?

मी बोलले. सगळं बोलले. मशीन कुठे होतं, खिडकी कुणाची होती, कॉलरीचे गठ्ठे कुठून यायचे, पायडलच्या आवाजावर झोपायची सवय कशी लागते, आणि दारामागच्या अंधाराला घरात कुणीच अंधार का म्हणत नव्हतं. शेजारच्या दालनातले लोक येऊन उभे राहिले. पुतळ्यांकडे बघायला कुणी उरलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी तक्रार.

या प्रदर्शनाच्या क्युरेटरबाई वयाने माझी लेक शोभतील. फार हुशार, फार गोड आणि भिंतीसारख्या.

“मॅडम, तुम्ही कलावंताच्या खासगी आयुष्याबद्दल तर्क लढवलेत.”

“तर्क नाही हो. मी त्या खोलीत वाढले आहे. तो माझा धाकटा भाऊ.”

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता तरी. त्या म्हणाल्या, “अरे बापरे. मग तर हितसंबंधांचा प्रश्न येतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला या कलाकृतीबद्दल बोलताच येणार नाही.”

मी विचारलं, “मला माहीत आहे म्हणून?”

“तुम्ही तटस्थ नाही म्हणून.”

तर आता मला प्राण्यांच्या सांगाड्यांकडे पाठवलं आहे. देवमाशाशी माझं नातं नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली असावी. तुझ्या खोलीबद्दल एक मुलगा बोलतो. गोड आवाजात सांगतो, आई खिडकीच्या उजेडात शिवत बसायची.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

ताई

४ एप्रिल

धाकट्या,

आईला कळलं. शेजारच्या काकूंनी पेपर वाचून दाखवला. मी कामावरून आले तर ती तयार होऊन पलंगावर बसलेली, पायात चपला.

“माझं मशीन तुमच्या म्युझियममध्ये आहे म्हणे.”

“हो.”

“आणि तू रोज जातेस तिथं.”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला दिसणार नाही म्हणून,” असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, “दिसायला कशाला हवं? माझंच घर आहे ना?”

काल घेऊन गेले. तिकिटाच्या खिडकीवर तिने ठामपणे सवलत मागितली, “माझ्याच घरात जायचं, त्याला कसलं पूर्ण तिकीट!” मागच्या माणसाला हसू आलं.

त्या दालनावर एक रखवालदार आहे. दिवसभर तो एवढंच म्हणतो, “हात नको, हात नको.” म्हणून सगळे त्याला हातनकोच म्हणतात. आम्ही आत शिरलो तेव्हा तो एका पोराला ते सांगत होता. आईने माझा हात सोडला. चौकट चाचपली, उंबऱ्यापाशी पाय उचलला, अगदी हवा तेवढाच. काठी तिने माझ्याकडे दिली. धाकट्या, तुझी मापं अचूक आहेत, हे मी कबूल करते. कारण ती बाई आपल्याच घरात चालावी तशी सरळ, बेधडक चालत गेली, दाराला वळसा घालून कोपऱ्यात पोहोचली, पदर सावरला आणि बसली.

स्टूल नव्हतं.

तिथे काहीच नव्हतं. तू तो कोपरा रिकामा ठेवला आहेस.

माझ्या हातात काठी. मी ओरडले फक्त. दिवसभर ‘हात नको’ म्हणणाऱ्या त्या माणसाने झेप घेऊन आईला दोन्ही हातांनी धरलं, नाहीतर आज हे पत्र मी इस्पितळातून लिहीत असते. कंबरेला चमक भरली आहे, बाकी ठीक आहे.

तिला तसंच धरून उभं केलं. ती घाबरली नव्हती. चिडली होती.

“मशीन कुठं गेलं?”

“खिडकीशी आहे, आई.”

“खिडकीशी?” ती खिडकीकडे वळली. तुझ्या त्या काचेमागे दिवे लावले आहेत ना, दुपारच्या उन्हासारखे, तेवढं तिला कळलं. उजेडाकडे तोंड करून ती थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता विरघळणार. लेकाने मला उजेडात बसवलं म्हणून डोळे पुसणार, आणि मग मला दोघांवरही रागवावं लागणार.

ती म्हणाली, “मग तो कुठं बसतो?”

“कोण?”

“कोण काय! मशीन खिडकीत ठेवलं, तर त्यानं चित्रं कुठं काढायची?”

मी त्या खोलीत पहिल्यांदा नीट पाहिलं. तुझं टेबल नाही. रंगांचा डबा नाही, जमिनीवर सांडलेला निळा डाग नाही, भिंतीवर ठोकलेला कागद नाही. तू तिथे नाहीसच. पहिल्या दिवशी मी माझी उशी शोधली होती त्या खोलीत, माझी काजांची कात्री शोधली होती. तक्रार नाही म्हणाले होते ना? होती. आणि त्या तक्रारीच्या नादात, तू स्वतःलाही वगळलं आहेस, हे मला दिसलंच नाही. डोळे नसलेल्या बाईला दिसलं.

“मशीन उचला आणि जागेवर ठेवा,” आईने हातनकोला सांगितलं.

“आजी, मला हात लावता येत नाही.”

“जड नाही फारसं. दोघांत उचलतं.”

“तसं नाही हो. कलाकृती आहे ती. हलवायची तर ज्यांनी केली त्यांनीच हलवायची, असा नियम आहे.”

“मशीन माझं, पोरगा माझा, आणि परवानगी कुणाची?”

आई माझ्याकडे वळली, “मग त्याला बोलाव.” जणू तू खाली अंगणात खेळतो आहेस.

तेव्हा आता मी तुझ्या फलकाशी भांडत नाही. तिचं म्हणणं कळवते आहे. खिडकी तिला नको. ती तुझी आहे, रिकामी कर आणि तुझ्या जागी ये. प्रदर्शन तीस तारखेला उतरतं. पेट्या पुढच्या शहरात जातात. तिचा उजेड-अंधार किती दिवस टिकेल, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

ताई

१५ एप्रिल

वा!

तुझं उत्तर आलं. मला नाही, आईला नाही, क्युरेटरबाईंना. त्यांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं, दोनदा. ‘खिडकीजवळ, मशीनसमोर एक साधी लाकडी खुर्ची ठेवावी. माझ्या आईला तिथे बसून मशीनला हात लावण्याची मुभा असावी. खुर्ची कलाकृतीचा भाग समजण्यात यावी.’

समजण्यात यावी! कुणी शिकवली रे तुला ही भाषा? तुझी आई याच शहरात राहते. तिच्या दाराला टपालाची फट आहे. दोन शब्द लिहिले असतेस तर मी वाचून दाखवले असते, तुझ्या आवाजात वाचले असते. आणि तू काय केलंस? आईला खुर्ची मंजूर केलीस. कमरेचं तू विचारलं नाहीस. बरी आहे.

मला सांग, एवढं कशाला घाबरतोस? मी काही तुला सभेत उभं करणार नाही. त्या खोलीत येऊन टेबल कुठे होतं ते दाखव, इतकंच. मशीन हलवलं तर चित्रांतला उजेड जाईल, असं वाटतं का तुला? उलट आहे, गाढवा. ती अंधारात बसली म्हणून तुला खिडकी मिळाली. यात तुझा गुन्हा नाही. तू पोरगा होतास आणि तुला सुंदर चित्रं काढता येत होती. तिने जागा दिली, कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिने तुला दिलेली गोष्ट तू भिंतीवर लिहून तिलाच परत करतो आहेस आणि ती म्हणते आहे, नको, ते तुझं आहे. हे भांडण मी गेली कित्येक वर्षं बाहेरून बघते आहे आणि माझा जीव मेटाकुटीला आला आहे!

संचालकसाहेब खूश आहेत. फोटोवाला बोलावला आहे. उद्या आई येणार, खुर्चीत बसणार, मशीनवर हात ठेवणार आणि शहरभर पोस्टर लागणार.

बघू.

ताई

२४ एप्रिल

धाकट्या,

पोस्टर लागलं नाही.

आई आली. फोटोवाल्याने दिवा सरसावला. क्युरेटरबाईंनी तिचा हात धरून तिला खिडकीपाशी नेलं. तिने खुर्चीची पाठ चाचपली, मग बैठक, मग मशीनचं चाक. चाक तिने फिरवलं, एकदाच. तो आवाज मला इतक्या वर्षांनी ऐकू आला. मग तिने हात काढून घेतला.

“बसा ना आजी,” क्युरेटरबाई म्हणाल्या. “तुमच्या मुलाने खास तुमच्यासाठी पाठवली आहे.”

“ही त्याची आहे,” आई म्हणाली. “तो आला की बसेल.” आणि भिंतीला हात लावत, दाराला वळसा घालून ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. काठी टेकून, पाठ भिंतीला. तशीच उभी.

फोटोवाला म्हणाला, “आजी, तिथे अंधार आहे हो. तिथं काही येणार नाही.”

“ठाऊक आहे,” आई म्हणाली.

तेव्हापासून ती रोज दुपारी येते. तिकीट काढते, सवलतीचं. मी मधल्या सुट्टीत सांगाडे सोडून पळत जाते. मी म्हटलं, निदान ती खुर्ची कोपऱ्यात सरकवा. क्युरेटरबाई म्हणाल्या, खुर्ची आता कलाकृतीचा भाग आहे, तसं लेखी आलं आहे, हलवता येणार नाही. मग घरून स्टूल आणते म्हटलं. कलाकृतीत बाहेरची वस्तू ठेवता येत नाही. संचालकसाहेबांनी उदार मनाने चाकाची खुर्ची देऊ केली, पण दालनाच्या बाहेर. मी अर्धा तास बोलले. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार छान बोलता.

पण एक गोष्ट त्यांच्या कुठल्याच नियमात नाही. वस्तू कुठे असावी, हे सगळं लिहिलेलं आहे. तिकीट काढलेल्या माणसाने कुठे उभं राहावं, हे कुणी लिहिलेलं नाही. क्युरेटरबाईंनी फाईल तीनदा चाळली. आईला तिथून उठवता येत नाही, कारण ती बसलेलीच नाही.

लोक येतात. तो गोड मुलगा सांगतो, आई खिडकीच्या उजेडात शिवत बसायची. लोक खिडकी बघतात, रिकामी खुर्ची बघतात, वळतात आणि दारामागे एक म्हातारी उभी दिसते. दचकतात. विचारतात, या कोण? मला बोलायची बंदी आहे, म्हणून मी बोलत नाही. मी उंबऱ्यावर बसलेली असते. तीच माझी जागा होती, काजं करायची, तुझ्या लक्षात नसेल. हातनको हळूच सांगतो, “ती त्यांची जागा.” आणि खुर्चीकडे बोट करून, “ती त्यांच्या मुलाची.” हे सांगायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही. मला जे पाऊण तासात जमलं नाही, ते त्याला दोन वाक्यांत जमतं, आणि मला मुळीच आवडलेलं नाही, पण लिहिते आहे.

काल तो गोड मुलगा मजकूर म्हणता म्हणता ‘उजेडात’ या शब्दापाशी थांबला. आईकडे पाहिलं आणि पुढे बोललाच नाही. ती म्हणाली, “बोल रे बाळा, अडखळू नकोस.” तेव्हा तर त्याची पारच वाट लागली.

तिचे पाय सुजतात. रात्री मी कोमट पाण्यात ठेवते आणि रागावते. ती म्हणते, “तू कशाला चिडतेस? तो यायचा आहे.” इतक्या वर्षांत एकदाही तिने ‘आला नाही’ असं म्हटलेलं नाही. नेहमी ‘यायचा आहे’. या एका वाक्याशी मी आयुष्यभर वाद घातला आणि एकदाही जिंकले नाही.

खुर्ची हलवायचा अधिकार फक्त तुला आहे, असं नियम सांगतो. तिच्यात बसायचा अधिकार फक्त तुला आहे, असं आई सांगते. आयुष्यात पहिल्यांदाच या दोघांचं एकमत झालं आहे, आणि मी दोघांशी भांडून थकले आहे.

आल्यावर काय करायचं ते तू ठरव. खुर्ची उचलून कोपऱ्यात नेलीस तर ती बसेल. खिडकीत तू बसलास, तर मी तिच्यासाठी स्टूल आणीन, तेव्हा मला अडवायला कोण येतो ते बघतेच. भाषण करणार नाही, शब्द देते. उंबऱ्यावर सरकून तुला वाट देईन.

तीसपर्यंत ती रोज दुपारी तिथे असते. उभी.

ताई